वय त्रेपन्न, पट्टी काळी एक

मराठी मध्यमवर्गात पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या बोलण्यात ‘राहून गेले’ हे क्रियापद इतक्या वेळा येते, की तो व्याकरणाचा प्रकार मानावा की प्रकृतीची तक्रार, असा प्रश्न पडावा. पेटी शिकायची राहून गेली, पोहणे राहून गेले, संस्कृत राहून गेले, मोडी लिपी राहून गेली, असे म्हणताना बोलणारा स्वतः वाक्यातून सफाईने निसटतो आणि दोष पेटीवर किंवा पोहण्याच्या तलावावर जातो; थांब्यावर न थांबता एसटी निघून जावी तशी ती विद्या डोळ्यांदेखत निघून गेली आणि आपण मात्र सुटे पैसे मुठीत धरून उभेच होतो, असा त्यातला एकूण भाव असतो. ‘राहून गेले’ म्हणत राहण्याने कोणाचे काही बिघडत नाही आणि त्याला फीही पडत नाही. अनर्थ ओढवतो तो या वर्गातील एखादा इसम ‘अजून वेळ गेलेली नाही’ हे दुसरे आणि अधिक घातक वाक्य उच्चारतो तेव्हा.

हा इसम म्हणजेच प्रस्तुत लेखाचा विषय असलेला प्रौढ विद्यार्थी होय. ‘प्रौढशिक्षण’ म्हटल्यावर जुन्या पिढीच्या डोळ्यांसमोर कंदील, पाटी, रात्रीची शाळा आणि अंगठ्याऐवजी सही करू लागलेला शेतकरी उभा राहतो. येथे विचारात घेतलेल्या प्रौढास मात्र सही येते, किंबहुना इतरांच्या अर्जांवर सही करण्याचाच त्याला गेली अठ्ठावीस वर्षे पगार मिळतो. पुढे दिसेल त्याप्रमाणे त्याचा प्रवास नेमका उलट, म्हणजे सहीकडून अंगठ्याकडे झाला. अभ्यासासाठी घेतलेला नमुना एकच असून तो लेखकाच्याच घरात राहतो, लेखकाचाच चष्मा लावतो आणि लेखकाच्याच खात्यातून फी भरतो, त्यामुळे पाहणी अगदी जवळून करता आली असली, तरी तटस्थतेची हमी देता येत नाही.

नवी विद्या आरंभणाऱ्या प्रौढाचा उत्साह पहिल्या धड्याच्या आदल्या दिवशी सर्वाधिक असतो, ही या क्षेत्रातील पहिली लक्षात घेण्याजोगी बाब आहे. ज्या दिवशी सदर विद्यार्थ्याने कार्यालयातील गणपतीपुढे एका कारकुनाला पेटीवर आरतीची साथ करताना पाहिले, त्या दिवसापासून वर्गात नाव घालेपर्यंतच्या अकरा दिवसांत तो मनातल्या मनात दोन भजने, एक नाट्यपद आणि निवृत्तीच्या समारंभातील एक छोटेखानी वादन, अशी बरीच मजल मारून बसला होता. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२८ साली प्रौढांच्या शिकण्यावर एक ग्रंथ लिहून, वय वाढले म्हणून शिकण्याची दारे बंद होत नाहीत, असे प्रतिपादन केले होते, ही माहितीही त्याने याच अकरा दिवसांत मिळवली आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळी पत्नीपुढे मांडली.

“शिकता येतं म्हणताय ना तुम्हाला, मग शिका की,” ती म्हणाली. “पण घरातल्यांनी ऐकायचं कसं, ते आहे का हो त्या पुस्तकात?”

ते नव्हते.

यानंतरची पायरी खरेदीची. लहान मुलाच्या बाबतीत आधी शिकणे सुरू होते, मग मूल टिकेल की नाही याचा अंदाज घेतला जातो आणि शेवटी कोणाची तरी जुनी पेटी मागून आणली जाते. प्रौढ हा क्रम उलटा लावतो, कारण आपण टिकणार याची त्याला खात्री नसते आणि महाग वस्तू घरात आली म्हणजे लाजेकाजेस्तव तरी टिकू, असा त्याचा हिशेब असतो. दुकानदारास हा हिशेब ग्राहकापेक्षा आधी समजलेला असतो. “साहेब, नवशिक्याची पेटी घेऊन काय करता, सहा महिन्यांत बदलावी लागेल,” असे सांगून त्याने तीन रीडची, कपलर असलेली आणि स्केल चेंजरची पेटी पुढे सरकवली. रीड म्हणजे पितळेची ती पातळ जीभ, जी हवेच्या झोताने थरथरून सूर काढते. या रीड गुजरातेतील पालिताण्याच्या आहेत, असे दुकानदाराने आवाज खाली आणून सांगितले आणि सदर विद्यार्थ्याने जन्मभर याच बातमीची वाट पाहत असल्यासारखी मान हलवली. (पालिताण्याला शत्रुंजय डोंगरावरच्या जैन मंदिरांकडे जाण्यासाठी यात्रेकरूंना हजारो पायऱ्या चढाव्या लागतात, हा त्यातला सूचक भाग त्याच्या ध्यानात आला नाही.) कपलर ही अशी योजना आहे, की एक पट्टी दाबली असता दुसऱ्या सप्तकातील तीच पट्टी आपोआप खाली जाते आणि सूर भरदार होतो. नवशिक्याच्या हाती ही सोय पडली म्हणजे त्याची प्रत्येक चूक दोन सप्तकांत ऐकू येते, एवढे दुकानदाराने सांगितले नाही. शाळेचा गणवेश जसा ‘अंगाने भरेल पुढे’ म्हणून दोन मापे मोठा घेत, तशी ही पेटी घेतली गेली. फरक इतकाच, की गणवेशातले मूल खरोखरच वाढत असे.

पेटीच्या रचनेविषयी येथे थोडे सांगणे अगत्याचे आहे, कारण पुढील सर्व विटंबनेचे मूळ तीत आहे. हार्मोनियम हे वाद्य १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबँ याच्या कारखान्यातून पुढे आले, तेव्हा त्याला हवा पुरवण्याचे काम पायांकडे होते आणि वादक खुर्चीवर बसून दोन्ही हातांनी मोकळेपणाने वाजवीत असे. आपल्याकडे गाणे जमिनीवर मांडी घालून होते, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याचा हाताने हवा भरण्याचा सुटसुटीत अवतार घडवला. बैठकीची सोय झाली, पण डावा हात कायमचा भात्याला जुंपला गेला. भाता म्हणजे पेटीच्या पाठीमागचा उघडझाप करणारा पडदा, तिची फुप्फुसेच म्हणा ना. आता माणसाच्या दोन हातांनी एकाच वेळी दोन वेगळी कामे करावीत, ही अपेक्षा आठव्या वर्षी फारशी जाचक नसते. त्रेपन्नाव्या वर्षी डाव्या हाताला उजव्या हाताचे काम पाहत स्वस्थ बसून राहण्याची सवय लागलेली असते. कार्यालयात तर ती संस्कृतीच असते.

पहिल्या दिवशी घडले ते असे. शिक्षक सव्वीस वर्षांचे होते. विद्यार्थ्याने त्यांना ‘सर’ म्हणायचे आणि त्यांनी विद्यार्थ्याला ‘काका’ म्हणायचे, असा तह पहिल्या मिनिटात कोणीही न बोलता होऊन गेला. त्यामुळे गुरूचा मान राहिला, वयाचा मान राहिला, आणि रागावण्याची सोय मात्र दोघांचीही गेली. विद्यार्थ्याने उजव्या हाताचे पहिले बोट षड्जावर ठेवले, सूर निघाला, चेहरा उजळला, दुसऱ्या बोटासाठी त्याने जीभ किंचित दातांत धरली, आणि तेवढ्यात सूर दमेकऱ्यासारखा कण्हत कण्हत विझला.

“सर, आवाज गेला.”

“गेला नाही, काका. तुम्ही थांबलात.”

खरोखरच डावा हात भात्यावर ठेवलेल्या जागी तसाच होता आणि उजव्या हाताचे कौतुक पाहत होता. सुचवल्याबरोबर तो लोहाराच्या त्वेषाने चालू लागला, पेटी ओरडली, उजवे बोट दचकून पट्टीवरून उडाले. ‘काका, भाता’ हे दोन शब्द शिक्षकांनी त्या चाळीस मिनिटांत एकोणीस वेळा उच्चारले, अशी नोंद विद्यार्थ्याच्याच वहीत सापडते. कारण वाजवणे जमत नसले म्हणजे प्रौढ विद्यार्थी नोंदी ठेवतो.

दुसरी अडचण पट्टीची. ‘पट्टी’ या शब्दाचे पेटीच्या संदर्भात दोन अर्थ होतात: एक, बोटाने दाबायची लाकडी पट्टी, आणि दुसरा, गाणाऱ्याने आपला षड्ज जेथे धरला ती उंची. सप्तकातील सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्यांना क्रमांक असतात आणि त्यावरून ‘यांची काळी एक’, ‘त्यांची पांढरी पाच’ असे बोलले जाते. शिक्षकांनी सुचवले, की पांढरी एकला षड्ज धरला तर भूप रागाचे पाचही सूर पांढऱ्यांवर येतात, आणि लहान मुले तसेच सुरू करतात. यातले ‘लहान मुले’ हे शब्द टाळले असते तर पुढचे पुष्कळ टळले असते.

“सर, माझा आवाज काळी एकचा आहे,” विद्यार्थी म्हणाला. तो तोवर कोणासमोर गायलेला नव्हता.

“हरकत नाही, काका. तुमच्या पेटीला स्केल चेंजर आहे. पट्ट्या सरकवल्या की पांढरी एक दाबूनच काळी एकचा सूर येईल.”

“मग शिकलो कसले आपण?”

ज्या सोयीसाठी दुप्पट पैसे मोजले तीच सोय तत्त्वासाठी नाकारण्याचा हा बाणेदारपणा केवळ प्रौढांतच आढळतो. परिणामी भूप काळी एकपासून सुरू झाला. भूपात षड्ज, ऋषभ, गंधार, पंचम आणि धैवत हे पाचच सूर लागतात, म्हणून त्याची जाती ‘औडव’ म्हणजे पाच सुरांची. मध्यम आणि निषाद हे दोन सूर वर्ज्य, म्हणजे त्यांच्या वाटेला जायचेच नाही. काळी एकपासून मोजले असता यांतले चार सूर काळ्या पट्ट्यांवर येतात आणि एकटा गंधार खाली पांढरी चारवर उतरतो. काळ्यांच्या ओट्यावरून पांढरीच्या अंगणात उतरताना सदर विद्यार्थ्याचे बोट प्रत्येक वेळी एक पायरी अलीकडे, पांढरी तीनवर पडत असे. वरवर पाहता ही अर्ध्या बोटाचीच चूक आहे, पण पांढरी तीनवर कोमल गंधार असतो आणि भूपाचा गंधार कोमल केला की भूप उरत नाही, शिवरंजनी होतो. भूप हा प्रसन्न, देवघरातल्या समईसारखा राग. शिवरंजनी ऐकताच चित्रपटातील नायिका खिडकीशी जाऊन उभी राहते.

पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी पत्नी हातातली पोळी तव्यावर टाकून बाहेर आली. “काय हो, कोणी गेलं का?” तिने विचारले. विद्यार्थ्याने सांगितले, की कोणी गेलेले नाही, भूप चालू आहे. “मला वाटलं, फोन आला कुणाचा,” म्हणत ती परत गेली. शिक्षकांनी मात्र ऐकल्यावर डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, “काका, शिवरंजनी छान आला. तो अजून बराच पुढे आहे आपल्याला.” न शिकवलेला राग आपल्या बोटांतून आपोआप आला, या विचाराने विद्यार्थी पुढे चार दिवस तरंगत होता. प्रोत्साहनाच्या दुष्काळात माणूस चुकीतलाही टिपूस पिऊन घेतो.

सरावाची वेळ हाही वादाचाच विषय ठरला. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग. पण त्या वेळी घरात मालिका चालू असतात आणि त्यांचा अधिकार जुना आहे. म्हणून पहाटे साडेपाचची वेळ ठरली. खालच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात, त्यांना गाण्यातले कळते, ही गोष्ट सदनिका घेताना कोणी सांगत नाही. ते जिन्यात भेटले आणि नुसतेच म्हणाले, “पहाटे भूप?” भूपाचेच पाच सूर घेऊन गायिला जाणारा देशकार हा सकाळचा राग आहे, त्यात वादी म्हणजे मुख्य सूर गंधाराऐवजी धैवत असतो, एवढे वाचन विद्यार्थ्याचे तोवर झालेले होते. “देशकार समजा, अण्णा,” तो म्हणाला. अण्णांनी थोडा विचार केला. “समजलं असतं,” ते म्हणाले, “पण गंधार कोमल येतोय.” त्यानंतर जिना टाळून लिफ्टने जाण्याची सवय त्याने लावून घेतली.

घरातील प्रोत्साहनाचे स्वरूप तपासले असता असे दिसते, की ‘छान’ या शब्दाचे किमान तीन प्रकार आहेत. पहिले ‘छान’ दुसऱ्या खोलीतून, मिक्सर चालू असताना येते. ते वादनाला उद्देशून नसून वादन संपल्याच्या समाधानातून आलेले असते. दुसरे मुलांचे: ते दूरच्या शहरातून व्हिडिओ कॉलवर, अंगठा वर केलेल्या चित्राच्या रूपात आणि वादन सुरू होण्याआधीच येते. तिसरे, आणि एकमेव निखळ, विद्यार्थ्याच्या मातोश्रींचे. एक्याऐंशी वर्षांच्या या माउलीने पेटीचा सूर कानी पडताच ही आरती आहे असे गृहीत धरले आणि ते मत पुढे कधीच बदलले नाही. अलंकार चालू असोत, म्हणजे सारेग, रेगम अशा पाढ्यांसारख्या स्वररचना, किंवा भूप चालू असो, त्या बसल्या जागी टाळ्यांचा ठेका धरीत आणि मुलगा घाम पुसायला थांबला, की हात जोडून विचारीत, “कापूर लावला का रे?” या टाळ्यांच्या बळावर विद्यार्थ्याने पहिले चार महिने काढले. त्या कशासाठी पडत आहेत, याची चौकशी त्याने मुद्दामच केली नाही.

चौथ्या महिन्यानंतर जी अवस्था सुरू झाली, तिला शिक्षणशास्त्रात ‘पठारावस्था’ म्हणतात. शिकणाऱ्याची प्रगती आलेखावर काढली असता ती रेषा आधी चढते आणि मग बराच काळ आडवी सरकत राहते, त्या आडव्या भागाचे हे नाव. ब्रायन आणि हार्टर या अमेरिकी अभ्यासकांनी १८९७ आणि १८९९ साली तारायंत्रावर काम शिकणाऱ्यांची पाहणी केली, तेव्हा संदेश ऐकून घेण्याचे त्यांचे कौशल्य मध्येच आठवडेच्या आठवडे एका जागी अडून बसत असल्याचे त्यांना दिसले. पुढे अचानक रेषा पुन्हा वर जाई. बी.एड. झालेल्या कोणाही शिक्षकाला हा आलेख पाठ असतो. महाराष्ट्राचा बराचसा भाग पठारावरच वसलेला असल्यामुळे मराठी माणसाला या अवस्थेचे एवढे भय वाटू नये, परंतु दख्खनच्या पठाराला घाट तरी आहेत. सदर विद्यार्थ्याच्या पठाराला कडाच दिसेना. सातव्या महिन्यातील भूप पाचव्या महिन्यातील भूपासारखाच होता, फक्त आता तो अधिक आत्मविश्वासाने चुकत असे.

पठारावर सापडलेला प्रौढ काय करतो, हे पाहण्यासारखे आहे. तो सराव सोडून सरावाशी संबंधित इतर सर्व काही करतो. पेटीला मखमली आच्छादन शिवून आले. बसण्यासाठी गादी आली, ती उंच झाली म्हणून दुसरी आली. मोबाइलवर तानपुरा आणि तबला यांची यंत्रे उतरवून झाली. त्यांतील तबल्याची लय इतकी निर्दय होती, की तीन आवर्तनांतच विद्यार्थी मागे पडून यंत्राकडे समजूतदारपणाच्या अपेक्षेने पाहू लागला. त्यानंतर त्याने थोरांची चरित्रे वाचण्यास घेतली, आणि खचलेल्या प्रौढाने ही एक गोष्ट कधीही करू नये. १८८१ साली जन्मलेले पेटीवादक गोविंदराव टेंबे यांनी ‘संगीत मानापमान’च्या चाली बांधल्या आणि १९११ साली ते नाटक रंगभूमीवर आले, तेव्हा त्यांची तिशीही पुरी झालेली नव्हती. स्वतः त्या वयात आपण काय करीत होतो, हे विद्यार्थ्याने आठवून पाहिले. खात्याच्या परीक्षेत तो दुसऱ्यांदा नापास झाला होता.

अशा पडत्या काळात त्याच्या हाती एक ऐतिहासिक सत्य लागले आणि त्याने त्याला सावरले. आकाशवाणीने, म्हणजे तेव्हाच्या ऑल इंडिया रेडिओने, १९४० साली पेटीला आपल्या कार्यक्रमांत मज्जाव केला होता आणि तो पुढे १९७१ च्या सुमारास सैल होईपर्यंत तीन दशके टिकला. आक्षेप असा, की पेटीचे सूर कारखान्यातच ठरून येतात. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची जी मींड गळ्यातून किंवा सारंगीतून निघते, ती पेटीत निघत नाही, आणि रागारागाप्रमाणे बदलणाऱ्या श्रुती, म्हणजे सुरांच्या बारीक छटा, तिला दाखवता येत नाहीत. आपल्या संगीतातील एका गंभीर वादाचा हा विषय असून त्यावर जाणकारांनी दोन्ही बाजूंनी लिहिले आहे. विद्यार्थ्याने त्यातली एकच बाजू वाचली. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आजवर नाचणाऱ्याची टिंगल करण्यासाठी वापरली गेली. येथे अंगण वाकडे असल्याचे खुद्द सरकारी खात्याने एकतीस वर्षे मानलेले निघाले. पुढच्या वर्गात त्याने हे शिक्षकांपुढे मांडले.

“बरोबर आहे, काका,” शिक्षक म्हणाले. “पण त्यांची तक्रार पेटीत जे सूर नाहीत त्यांच्याबद्दल होती. आपण आहेत त्यांच्याबद्दल बोलतोय.”

शेवटी परीक्षेचा विषय निघाला. विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्या परंपरेतून प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम आणि विशारद पूर्ण अशी सात परीक्षांची शिडी महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचली आहे, आणि मराठी माणसाला कोणतीही गोष्ट परीक्षा नसेल तर खरी वाटत नाही. तिच्या तळाच्या, म्हणजे प्रारंभिकच्या पायरीवर आठ-नऊ वर्षांची मुले असतात. वर्गाच्या छापील अर्जावर ‘पालकाची सही’ असा रकाना होता आणि तो मोकळा सोडल्यास अर्ज पुढे जात नसे, असे कळल्यावरून तो मातोश्रींपुढे ठेवण्यात आला. त्यांनी चष्मा लावून तो दोन वेळा वाचला. “गणितात किती पडले?” त्यांनी विचारले, आणि मग सही केली.

परीक्षा एका शाळेत होती आणि विद्यार्थ्यांसाठीचे बाक तिसरीच्या मापाचे होते. सदर विद्यार्थी गुडघे हनुवटीजवळ घेऊन बसला. शेजारच्या एका बाईंनी आपुलकीने चौकशी केली, “तुमची मुलगी की मुलगा?” “मीच आहे,” असे उत्तर आल्यावर त्यांनी, “अय्या, हो का? छान छान,” असे म्हणून आपल्या मुलाला अंमळ जवळ ओढून घेतले. (हे ‘छान’ वरील वर्गीकरणात बसत नाही.) शाळेच्या शिपायाने त्याला परीक्षकांपैकी समजून चहा आणून दिला. तो त्याने घेतला, कारण नाकारायचा तर खुलासा करावा लागला असता.

आत गेल्यावर परीक्षकांनी, भूप रागाची थोडी माहिती सांगा, असे म्हटले आणि येथे प्रौढाचे खरे सामर्थ्य प्रकट झाले. मुले या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर देतात. या विद्यार्थ्याने थाट कल्याण, जाती औडव, वादी गंधार, संवादी धैवत, म्हणजे दुसऱ्या मानाचा सूर, समय रात्रीचा पहिला प्रहर, इतके सांगून देशकाराशी तुलना केली, तेथून तो श्रुतींवर आला, श्रुतींवरून आकाशवाणीवर, आणि पॅरिसकडे वळण्याच्या बेतात असताना परीक्षकांनी पेटीकडे हात केला. “काका, वाजवा ना.” माहिती हा प्रौढाचा बुरखा असतो, तो जितका वेळ बोलतो तितका वेळ त्याला वाजवावे लागत नाही. विद्यार्थ्याने अंगठा उचलला. आरोह सुरळीत गेला. अवरोहात, म्हणजे वरून खाली येताना, धैवत लागला, पंचम लागला, आणि काळ्यांच्या ओट्यावरून अंगणात उतरताना बोट नेहमीच्या पायरीवर पडले. खिडकीशी नायिका येऊन उभी राहिली. परीक्षकांनी डोळे मिटले, मान हलवली, आणि पुरेशा सभ्य अंतराने विचारले, “हे झालं. आता भूप?”

बाहेर व्हरांड्यात आपली पाळी उरकून आईची वाट पाहत बसलेली एक मुलगी होती. दोन वेण्या, एका पायात चप्पल, दुसरी बाकाखाली, हातात शेंगदाण्याची चिक्की. तिने या विद्यार्थ्याकडे एकदा पाहिले आणि काही विचारण्याची परवानगी न घेता विचारले, “कसा गेला?”

“गंधार चुकला,” तो म्हणाला. अकरा महिन्यांत हे वाक्य त्याने कोणाजवळही इतके थोडक्यात उच्चारले नव्हते.

“माझा पण चुकायचा,” ती म्हणाली. “सारखा तिकडेच जायचा. मी लहान होते ना, तेव्हा.”

तिने चिक्कीचा एक तुकडा मोडून त्याला दिला. तो त्याने घेतला, तोंडात टाकला, मोठ्या अदबीने बाकाच्या कडेवर टेकला आणि आवाज खाली आणून विचारले, “मग तू अंगठा कुठं ठेवतेस गं?” तिने चिकट बोटे फ्रॉकला पुसली आणि बाकाची कड हीच काळी एक धरून, “हा असा, खालून न्यायचा, हं, आता तुम्ही,” असे म्हणत दाखवायला सुरुवात केली, त्यानेही शेजारी उजवा हात मांडला, दोघांचे सा, रे, ग त्या लाकडावर टकटकत वर चढले, आणि परत फिरताना ती अचानक थांबून त्याच्या मांडीवर निवांत पडलेल्या डाव्या हाताकडे बोट दाखवून म्हणाली,

“काका, भाता!”